भाजका चुरा

माझा भाऊ जॅस्पर पंचवीस वर्षं एका मगात थुंकत होता आणि तो मग मी धूत होते. गोष्ट इथूनच सांगायला हवी, कारण लोक मला विचारतात, रोझलिन, तुला एवढा राग कशाचा येतो? त्यांनी तो मग एकदा धुऊन बघावा. सकाळी सहाला त्याच्या खोलीतून ढास सुरू व्हायची. आधी कोरडी, मग ओली, मग घशाच्या तळातून काहीतरी खरवडून वर आणल्यासारखी, आणि शेवटी मगात बेडका पडल्याचा तो आवाज. त्या वेळी मी स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत असायचे. इतक्या वर्षांत सकाळचा एक टोस्ट मी सुखाने खाल्लेला नाही.

आमचं घर ऑस्ट्रेलियात, निंबिनच्या पलीकडच्या डोंगरात, सामायिक जमिनीवर आहे. मी बारा वर्षांची असताना आईवडील न्यूकॅसलचं भाड्याचं घर सोडून इथे आले, आणखी वीस कुटुंबांबरोबर. जॅस्पर पुढच्याच वर्षी जन्मला, तंबूत, पाऊस तंबूच्या आत आणि बाहेर सारखाच पडत असताना. त्याच्यात आणि माझ्यात तेरा वर्षांचं अंतर. आई गाणी म्हणत होती, वडील मडकी करत होते, आणि त्याचे लंगोट मी धूत होते. म्हणजे बघा, माझं धुणं तिथपासूनच सुरू झालं होतं.

गांजा आमच्याकडे व्यसनात मोजत नाहीत. पाहुणा आला की आधी बाँग पुढे होतं, मग चहा. हे बाँग म्हणजे काय तर फळांच्या रसाची रिकामी प्लास्टिकची बाटली, तिला भोक पाडून बागेतल्या पाण्याच्या नळीचा वीतभर तुकडा खुपसलेला, वर पितळेची वाटी, तळाला पाणी. गांजात तंबाखू चुरून वाटीत भरायचा, पेटवायचा, आणि बुडबुड करत धूर खेचायचा. ते पाणी आठवडाआठवडा बदलत नाहीत. ते काळं होतं, त्यावर साय धरते, आणि कुणाच्या तरी पायाने बाटली कलंडली की गालिच्यात मुरतं. तो वास ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस आहे. मी लहानपणीच एकदा त्या वासाने भडाभडा ओकले होते आणि त्यानंतर आयुष्यात एकही झुरका मारला नाही. या डोंगरात अशी मी एकटीच असेन. जॅस्पर म्हणायचा, "रोझ, तू जन्मलीस तीच नाक मुरडत."

त्याच्याबरोबर ओढायला ब्रॅम असायचा. ब्रॅम आमचा शेजारी, जॅस्परचा बाळपणापासूनचा दोस्त. दोघं मिळून डोंगरातल्या लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. ब्रॅमच्या दाढीला कायम काहीतरी चिकटलेलं असतं, आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. बाँगमधल्या पाण्याने धूर धुतला जातो, छातीत जाते ती निव्वळ शुद्ध वनस्पती, हे शास्त्र त्याचंच. ते सांगताना तो स्वतः इतका खोकायचा की वाक्य पुरं करायला त्याला तीन वेळा थांबावं लागायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत जॅस्पर पंपाची रिकामी पेटी घेऊन चढ चढत होता आणि मधेच खाली बसला. ओठ निळे पडलेले. पन्नास वर्षांचा माणूस, धाप ऐंशीच्या म्हाताऱ्याची. खालच्या गावातल्या इस्पितळाने छातीचा फोटो काढला आणि आम्हाला ब्रिस्बेनच्या सर्जनकडे पाठवलं. त्याचं नाव हॅलोरन, उंच, कोरडा माणूस. त्याने फोटोवर बोट ठेवून दाखवलं की उजव्या फुप्फुसाची अर्धी जागा एका हवेच्या फोडाने व्यापली आहे. पातळ पापुद्र्याचा फोड, आत नुसती निरुपयोगी हवा, आणि तो बाजूच्या चांगल्या फुप्फुसाला दाबून धरतो आहे. कापून काढला तर दबलेलं फुप्फुस उघडेल. नाही काढला तर एखाद्या दिवशी फुटेल. कधी, ते त्याला सांगता येईना.

पण त्याची एक अट होती. धुराने भरलेलं फुप्फुस कापलं तर शिवण धरत नाही, असा माणूस श्वासाच्या यंत्रावरून उतरतच नाही कधीकधी. म्हणून आधी बारा आठवडे धूर बंद. गांजाचा, तंबाखूचा, कसलाही. दर चार आठवड्यांनी खालच्या इस्पितळात जाऊन फुंकून दाखवायचं, आणि एकदा जरी धूर सापडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाठीच्या दुखण्यासाठी जॅस्परकडे डॉक्टरने दिलेली गांजाची रीतसर चिठ्ठी होती, पाण्याच्या टाकीवरून पडला होता तेव्हापासूनची. त्याचं काय, असं त्याने विचारलं. हॅलोरनने तोंड वाकडं केलं, आणि म्हणाला की घ्यायचाच असेल तर वाफेच्या यंत्रातून घे, पेटवू नकोस. मला ते काही पसंत नाही, पण निदान ती आग तरी नाही, असंही तो म्हणाला.

खालच्या इस्पितळात श्वास तपासणारी बाई होती तिचं नाव इमोजेन. तिशीची, चेहराभर वांगाचे ठिपके, आणि बोलायला फटकळ. तिचं नि माझं लगेच जमलं, कारण जॅस्पर खोकला की तीही तोंड फिरवत होती. तिने पहिल्या दिवशी त्याला पंधरा सेकंद श्वास धरायला लावून एका हातात मावणाऱ्या यंत्रात फुंकायला सांगितलं. काहीही जळलं की त्यातून जो विषारी वायू निघतो तो रक्तात किती आहे, ते यंत्र मोजतं. आकडा सहाच्या आत यायला हवा. त्याचा चोवीस आला. जॅस्परने आपल्याला कशात तरी चांगले गुण मिळाल्यासारखी मान डोलावली.

मग तिने त्याला समोर बसवून सांगितलं. "तुझ्या श्वासनळीला आतून बारीक केस असतात, गवतासारखे. ते सारखे वरच्या बाजूला झाडत असतात, घाण घशाकडे ढकलतात. धुराने ते गवत आडवं होतं. मग झाडायला उरतो नुसता खोकला."

"आणि वाफेने?"

"वाफेत काही जळत नाही. पान फक्त तापतं, त्यातला अर्क उडून येतो. डांबर फार कमी, हा वायू जवळजवळ नाहीच. गवत हळूहळू उभं राहील, खोकला कमी होईल, कफ कमी होईल. पण ती तापलेली वाफ आहे, डोंगरावरची हवा नव्हे. घसा खवखवेल, नळ्या थोड्या चिडतील. आणि पन्नास वर्षं वाफ ओढलेला माणूस अजून कुणी तपासलेला नाही, त्यामुळे पुढचं मला विचारू नकोस. तो फोड तर कशानेच बरा होणार नाही. तो कापायलाच लागणार."

जॅस्परने ब्रॅमचं पाण्याचं शास्त्र तिच्या कानावर घातलं. पाण्याने धूर थंड होतो, धुतला जात नाही, असं ती म्हणाली, आणि थंड लागतो म्हणून तुम्ही तो आणखी खोल ओढता नि आणखी वेळ धरून ठेवता. कुणाच्याही खिशातून आलेल्या गांजाच्या तेलाच्या नळकांड्या ओढायच्या नाहीत, हेही तिने बजावलं. तेल ही वेगळीच भानगड, त्यात कोण काय कालवतं देव जाणे, लोकांची फुप्फुसं आठवड्यात निकामी झाली आहेत. चिठ्ठीवरचं वाळलेलं फूल, यंत्रात, बस्स. जॅस्परने सगळं कबूल केलं. कबूल करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

यंत्र आलं. काळं, साबणाच्या वडीएवढं, वर काचेची आखूड नळी. त्याचाही मला वीट आला, ते सांगून टाकते. जळक्या पॉपकॉर्नसारखा गोडसर वास सोफ्याच्या उशांत जाऊन बसला. आणि तो ते चोखायचा कसा, तर दुधाच्या बाटलीसारखा, डोळे मिटून, चुकचुक आवाज करत. पन्नास वर्षांचं बाळ. पण धूर नव्हता, पडदे पिवळे होत नव्हते, ते काळं पाणी नव्हतं. बाँग मी माझ्या हाताने नेऊन कचऱ्यात टाकलं आणि हात तीनदा धुतले.

पहिले दोन आठवडे खोकला उलट वाढला. मगात जे पडत होतं त्याचं वर्णन मी करत नाही. तपकिरी होतं आणि त्याला गाठी होत्या, एवढंच सांगते. मी घाबरून इमोजेनला फोन केला, तर ती खूश. आतला झाडू चालू झाला, वर्षानुवर्षांची घाण निघते आहे, येऊ दे, असं म्हणाली. येऊ दे म्हणायला तिचं काय जात होतं.

चार आठवड्यांनी त्याने फुंकलं ते दोन आलं. आणि पाचव्या आठवड्यात एका सकाळी मला जाग आली ती शांततेने. सहा वाजून गेले, सव्वासहा झाले, त्याच्या खोलीतून काहीच नाही. फक्त बाहेर पक्ष्यांचा कलकलाट. मी अनवाणी धावले. मनात धरूनच चालले होते की तो गेला. दार ढकललं तर महाराज उताणे पडून छताकडे बघत होते.

"काय गं, मेलो का बघायला आलीस?"

"हो," मी म्हटलं.

तो हसला, आणि हसताना खोकला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन गरम टोस्ट खाल्ला, दोन खाल्ले, आणि मग मला रडू फुटलं ते रागाने. एवढंच होतं तर. एक काडी पेटवायची नव्हती, एवढंच. त्यासाठी माझ्या आयुष्यातल्या नऊ हजार सकाळी नासल्या होत्या. आठव्या आठवड्याला पुन्हा दोनच आला. इमोजेनने हॅलोरनला कळवलं आणि त्याने शस्त्रक्रियेची जूनमधली तारीख राखून ठेवली. शेवटचं एक फुंकणं तेवढं राहिलं होतं.

आता माझ्या हातून काय झालं ते. त्या यंत्रात फूल तापवून झालं की मागे चुरा उरतो. हिरवा रंग जातो, तपकिरी, कोरडा, भाजका चुरा. जॅस्पर तो व्हरांड्याच्या कठड्यावर आपटून खाली झटकायचा, आणि तो पायऱ्यांवर पडून माझ्या मोज्यांना चिकटून घरभर व्हायचा. मी त्याला झापलं. आणि दुसरं म्हणजे आमच्या जमिनीवर काही टाकायचं नाही, हा पहिल्या वर्षीच्या सभेत झालेला ठराव. सालं कोंबड्यांना, चहाचा चोथा लिंबाला, राख संडासाच्या खड्ड्यात. ते ठराव करणारे अर्धे लोक मेले, बाकीचे विसरले, पण माझ्या हाडात ते बसलं आहे. मी जॅमची रिकामी बरणी उकळत्या पाण्याने धुतली आणि त्याच्यापुढे ठेवली. यात टाक, साचला की ब्रॅमला दे, तो केकात घालेल, असं म्हटलं. इथे लोक तसा घालतात, त्यात अजून थोडी झिंग उरलेली असते म्हणे. जॅस्पर म्हणाला, बरं. बरणी हळूहळू भरत गेली. मला ती नीटनेटकी दिसायची.

दहाव्या आठवड्यात सकाळी पुन्हा दोनतीन खोकले ऐकू आले. मी मनाला सांगितलं की गवताचे पराग उडतात, सर्दी असेल. मगात तपकिरी रेघ दिसली तर म्हटलं, कॉफी असेल. मी वासावरून माणूस ओळखणारी बाई, पण त्या दिवसांत मी त्याच्या जवळून जाताना श्वास रोखून धरत होते. बरणी अर्धी झाली होती तीही मी पाहिली. ब्रॅमने केक केला असेल, असं म्हटलं. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही शेवटच्या फुंकण्यासाठी खाली गेलो. त्याने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. वाटेत घाटात तो शस्त्रक्रियेनंतर काय काय करणार ते सांगत होता. टेकडीवर चढून जुनी टाकी बघणार, समुद्रावर पोहायला जाणार. मी गाडी चालवत होते आणि खिडकी उघडी ठेवली होती.

इमोजेनने त्याला खुर्चीत बसवलं. त्याने श्वास धरला, वांग्यासारखा जांभळा झाला, फुंकलं. तिने आकड्याकडे बघितलं आणि यंत्र माझ्याकडे वळवलं. सतरा.

मी भांडायला उठले. यंत्र बिघडलंय म्हटलं. घाटात आमच्यापुढे ट्रक होता, त्याचा धूर. घरात लाकडाची शेगडी पेटते, तिचा धूर. इमोजेनने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्याने एकदोन वाढेल, सतरा होणार नाही. सतरा म्हणजे आज सकाळचं. मग तिने त्यालाच विचारलं, केव्हा ओढलंस?

"मी ओढलेलं नाही," जॅस्पर म्हणाला. त्याला खरोखरच लागलं होतं. "बारा आठवडे झाले. शप्पथ. सकाळी फक्त उरलेलं संपवलं."

"उरलेलं काय?"

"चोथा गं. यंत्रातला. ज्यातलं सगळं निघून गेलंय तो." तो समजावून सांगत होता, शांतपणे, लहान मुलीला सांगावं तसं. "बरणीभर साठला होता. तो काही गांजा नव्हे आता. चहाचा चोथा म्हणजे चहा का? नुसता जळत नाही नीट, म्हणून चिमूटभर तंबाखू घातली. ब्रॅमच्या बाँगमध्ये, पंपाच्या शेडमागे. घरात नाही. रोझला वास सहन होत नाही."

किती दिवस, असं तिने विचारलं. तीन आठवडे, रोज सकाळी, असं तो म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे ती शेड आली, ते दोन घोडे गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, मधे ते काळं पाणी, आणि माझी उकळून धुतलेली बरणी.

इमोजेनने कपाळाला हात लावला. "जॅस्पर, झिंग होती ती वाफेबरोबर गेली. राहिलं ते वाळकं पान. ते जाळलंस म्हणजे डांबर सगळं घेतलंस, तो वायू सगळा घेतलास, वर तंबाखू. आणि मजा काहीच नाही."

"मजा नव्हतीच," तो म्हणाला. "चव तर जळलेल्या मोज्याची."

"मग कशाला?"

"वाफ आत गेली कधी नि बाहेर आली कधी, कळतच नाही. तिला पकड नाही. खोकला आल्याशिवाय ओढल्यासारखं वाटतच नाही मला. सकाळी उठलो की छाती रिकामी. कुणीतरी घर सोडून गेल्यासारखी."

मला त्या क्षणी त्याची इतकी शिसारी आली की मी खुर्ची मागे सरकवली. माझ्या भावाला खोकल्याची आठवण येत होती. ज्या आवाजाने मी आयुष्यभर विटले, तो त्याला सोबत वाटत होता.

इमोजेन म्हणाली की नियम असा आहे, पहिला आकडा जास्त आला तर पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा फुंकायचं आणि जो कमी असेल तो लिहायचा. पण पाच मिनिटांत काही सतराचे सहा होणार नाहीत, तेव्हा तुम्ही मनाची तयारी करा. तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला आणि ती उठून गेली. दार लोटलेलं होतं. यंत्र जॅस्परच्या हातात होतं.

त्याने ते माझ्यापुढे धरलं. "रोझ, तू फुंक."

मी दाराकडे बघितलं.

"तुझा एक येईल. तू कधी झुरका मारला नाहीस. ती यायच्या आत फुंक, मी सांगेन मला धीर धरवला नाही, मीच फुंकलं. जूनची तारीख जाईल गं. पुन्हा बारा आठवडे मला निघतील की नाही कुणास ठाऊक."

नंतर मला लोकांनी सांगितलं की मला त्या वेळी हॅलोरनचे शब्द आठवले असतील, धुराचं फुप्फुस शिवण धरत नाही ते. मला काहीही आठवलं नाही. खरंखोटं, नियम, इमोजेनची नोकरी, काही नाही. मी यंत्र हातात घेतलं. मी फुंकणार होते. बटण कुठलं तेही मी पाहून ठेवलेलं होतं, आणि मी श्वास भरून घेतला.

मग मी ती नळी पाहिली. जाड कागदाची आखूड नळी, यंत्राच्या तोंडाला बसवलेली. तिचं टोक त्याच्या थुंकीने भिजून मऊ झालं होतं. कडेला तपकिरी डाग होता, आणि त्या डागापासून लाळेची एक तार लोंबत होती, ती अजून तुटली नव्हती. वास आला. शेडमागचा, काळ्या पाण्याचा. माझे ओठ आपोआप मिटले, दात दातांवर बसले. मी यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मला नाही जमत," मी म्हटलं.

त्याने नळी शर्टाच्या बाहीला पुसली आणि पुन्हा पुढे केली. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. मागून तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे तुझं. तू कायम बरोबरच असतेस, रोझ." त्याच्या आवाजात राग नव्हता. इमोजेन आली, त्याने फुंकलं, सोळा आला. तिने सोळा लिहिला. तारीख रद्द झाली आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

घरी आल्यावर मी ब्रॅमच्या शेडवर जाऊन त्याला असं काही बोलले की तो दाढीवाला बाप्या रडायला लागला. तो म्हणाला, मला वाटलं उरलेलं चालतं. यात खोटेपणा नव्हता. या डोंगरात कुठल्याही शहाण्या माणसाला तसंच वाटलं असतं.

जॅस्परने त्यानंतर खरंच काही पेटवलं नाही. चुरा तो स्वतः उकिरड्यात पुरायचा. पहिल्या महिन्याला एक आला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ आकडा. सकाळी खोकला नाही. तो व्हरांड्यात बसून आपली छाती चोळत राहायचा, मला सांगायचा की हळूहळू सवय होते. आणि जो भेटेल त्याला तो सांगत सुटला की माझ्या बहिणीने माझ्यासाठीसुद्धा खोटं फुंकलं नाही. कौतुकाने सांगायचा. दुकानात, सभेत, ब्रॅमला तर दहा वेळा. मी ऐकून घेत होते.

सातव्या आठवड्यात, जुलैमधल्या एका स्वच्छ सकाळी, तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि फोड फुटला. हातात ओझं नव्हतं, चढ नव्हता. माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. डोंगरातून रस्ता काढत रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली. इस्पितळापर्यंत तो पोचला, त्याच्या पुढे नाही.

त्याला आमच्या जमिनीवरच पुरलं, खालच्या ओढ्याशी. ब्रॅमने भाषण केलं. त्याने पुन्हा तीच गोष्ट सांगितली, खरेपणाची, आणि चाळीस माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. एकदोघी डोळे पुसत होत्या. मी मान खाली घातली. हॅलोरनने चार ओळींचं पत्र पाठवलं की जूनमध्ये कापलं असतं तर तो टेबलावरच गेला असता किंवा आज पोहत असता, यातलं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. तो माणूस मला आवडला.

सप्टेंबरात मी इस्पितळाने जॅस्परच्या धापेसाठी घरी दिलेली प्राणवायूची टाकी परत करायला गेले. इमोजेनने मला आत बोलावलं, चहा दिला. मी नकळत माझ्या त्याच खुर्चीत बसले. कप ठेवायला जागा बघितली तर डाव्या हाताला टेबलावर एक खोकं उघडं होतं. आत कागदी नळ्या होत्या, पन्नासेक असतील, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली, कोरी. जुनी काढून नवी बसवायला तिला दोन सेकंद लागायचे, हे मी दर वेळी पाहिलेलं होतं.

मी तिला विचारलं, "हे खोकं नेहमी इथेच असतं?"

"नेहमीच," ती म्हणाली. "का?"

"काही नाही," मी म्हटलं आणि चहा संपवला.